बर्लेस्क म्हणजे नुसतं अंगप्रदर्शन? जरा थांबा

रंगपट:
काल 'सडेतोड' यांनी इथे लिहिलं की बर्लेस्क (विडंबन, गाणी, नाच आणि पुढच्या काळात कपडे उतरवण्याचे खेळ असलेला पाश्चात्त्य रंगमंचीय प्रकार) ही कला नव्हेच, गिऱ्हाईक खेचायला बायका नाचवायचा धंदा. वाचून डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितेय.

१८६८ मध्ये इंग्लिश नटी लिडिया थॉम्प्सन आपल्या 'ब्रिटिश ब्लाँड्स' या नट्यांच्या ताफ्याला घेऊन न्यूयॉर्कला आली, तेव्हा रंगमंचावर कोणी कपडे उतरवत नव्हतं. 'इक्सायन' हे ग्रीक पुराणाची टर उडवणारं नाटक. पुरुषांची कामंही बायकाच करायच्या, तंग विजारीत पाय दाखवत, आणि मधेच चालू घडामोडींवर टोले हाणायच्या. लोकांना मिरची झोंबली ती पायांइतकीच त्या जिभेची. १८७० मध्ये 'शिकागो टाइम्स'ने या बायकांच्या चारित्र्यावर चिखल उडवला, तर लिडियाने संपादकाला गाठून चाबकाने फोडलं. कोर्टात दंड झाला. हिला कोणी 'नाचवली' म्हणायचं?

सडेतोड:
चाबूक झाला १८७० चा. १९२०-३० मध्ये न्यूयॉर्कच्या मिन्स्की बंधूंच्या बर्लेस्क थिएटरात, जिथे बायका कपडे उतरवायच्या, लोक ग्रीक पुराण ऐकायला तिकीट काढत होते का? सोयीचा काळ दाखवायचा आणि पुढचा झाकायचा, हे बरं नव्हे.

रंगपट:
झाकते कुठे? त्याच मिन्स्कींकडे जिप्सी रोझ ली नावारूपाला आली. एक हातमोजा उतरवायला ती पुरेपूर वेळ घ्यायची आणि तोंडाने अखंड गप्पा. हशा त्या गप्पांवर पिकायचा. ॲबट आणि कॉस्टेलो ही विनोदी जोडी १९३५ मध्ये पहिल्यांदा एकत्र उभी राहिली तीही बर्लेस्क थिएटरातच.

ढोलकीवाल्याचा पोर:
एवढ्या लांब कशाला जाताय? माझा बाप फडात ढोलकी वाजवायचा. गवळणीत मावशीचं काम करणारा गडी पदर डोक्यावर घेऊन, कमरेवर हात ठेवून, "कोण रं तू, वाट अडवणारा?" म्हणून देवालाच जाब विचारायचा. त्याच दमात पुढे बसलेल्या पाटलालाही दोन ठेवून द्यायचा. लिडियाने वेगळं काय केलं?

वाचनवेडी:
वेगळं हे की तमाशात जात आहे. फडावर उभं राहणं हे ठरावीक जातींच्या बायकांच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आलं. विठाबाई नारायणगावकर खेळ चालू असताना आत जाऊन बाळंत झाल्या आणि पुन्हा बोर्डावर आल्या. याची तुलना न्यूयॉर्कच्या थिएटरशी करू नका, चीड येते.

ढोलकीवाल्याचा पोर:
आणि विठाबाईंना बिचारी ठरवलेलं आम्हाला खपत नाही! त्यांचा स्वतःचा फड होता, त्यांच्या नावावर गावं लोटायची. तुम्ही लोक बाळंतपणाची गोष्ट सांगता, त्यांच्या आवाजाबद्दल एक ओळ लिहीत नाही.

वाचनवेडी:
आवाजाबद्दल मान्य. पण राष्ट्रपती पुरस्कार मिळालेल्या बाईचे शेवटचे दिवस हलाखीत गेले, हेही मग लिहा.

सडेतोड:
विषय बर्लेस्कचा होता. घाणेरडा धंदा म्हणूनच १९३७ मध्ये न्यूयॉर्कचा महापौर ला गार्डिया याच्या राजवटीत बर्लेस्क थिएटरांच्या परवान्यांचं नूतनीकरण नाकारलं ना?

रंगपट:
हो, आणि पाट्यांवर 'बर्लेस्क' हा शब्दसुद्धा चालेना. त्याने नीती सुधारली? आपल्याकडे २००५ मध्ये डान्सबार बंद केले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी घटनाबाह्य ठरवली. मधल्या आठ वर्षांत आमच्या चाळीतल्या एका मुलीच्या घरची चूल कशी पेटली ते मी पाहिलंय. शाळेची फी थकली, भाऊ घरी बसला. बंदी घालणाऱ्यांपैकी कोणी विचारायला आलं नाही.

सडेतोड:
त्या मुलीबद्दल वाईट वाटतं. आणि ठीक आहे, लिडिया थॉम्प्सनला धंदेवाली म्हणणार नाही. मिन्स्कींबद्दल मात्र माझं मत तेच. पैसा थिएटरवाल्यांनी केला, अब्रू नाचणाऱ्या बायकांची गेली.

ढोलकीवाल्याचा पोर:
मग शिवी थिएटरवाल्याला द्या की. काल तुम्ही बायकांना दिलीत.