अनुभव धागा: थंडीतली पहाट, रोडबाइक आणि पुढच्याचे चाक

बोपदेवप्रेमी (पुणे)
आमच्या सोसायटीतील एका मुलाने नुकतीच रोडबाइक (अरुंद टायरांची वेगवान सायकल) घेतली असून, पहाटे गटाबरोबर सरावाला निघताना अंगावर नेमके काय घालावे, असे त्याने काल मला विचारले. उत्तर देताना बोपदेव घाटातली एक जुनी पहाट आठवली, म्हणून हा धागा काढत आहे. कोंढव्याच्या बाजूने घाट चढू लागले की थंडी कुठल्या कुठे पळते, विंडचीटर नकोसे होते आणि माथ्यावर पोचेपर्यंत आतला बनियन घामाने चिंब होतो. खरा गारठा त्यानंतर सुरू होतो, कारण मागे राहिलेले येईपर्यंत सगळे थांबतात आणि पठारावरचा वारा त्या ओल्या कपड्यांना नेमका गाठतो. परतीच्या उतारावर तर पाय फिरवावे लागत नाहीत, म्हणजे अंगात उष्णता तयार होणेही थांबते. त्या दिवशी आमच्यातील एका ज्येष्ठ स्वाराने टपरीवरून शिळे वर्तमानपत्र मागून घेतले आणि त्याची घडी मला जर्सीच्या आत, छातीवर सरकवायला लावली. युरोपातील शर्यतींत घाटमाथ्यावर स्वार पूर्वीपासून हेच करत आले आहेत, हे मला पुष्कळ नंतर कळले. आपापले अनुभव सविस्तर लिहावेत.

निफाडकर
राज्यातील नीचांकी तापमानाच्या बातमीत आमच्या गावाचे नाव वारंवार येते, त्यामुळे या विषयावर बोलण्याचा आमचा हक्क मोठा आहे! कडाक्याच्या थंडीत घडांना तडे जाऊ नयेत म्हणून शेतकरी पहाटे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवतात आणि तो धूर रस्त्यावर खाली बसून राहतो. अशा वेळी गटाचा वेग आपोआप उतरतो, कोणाला सांगावे लागत नाही. नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ साली दोघांच्या संघात ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ ही अमेरिका आडवी पार करण्याची सायकल शर्यत पूर्ण केली. तेव्हापासून आमच्याकडे पहाटे सायकल घेऊन निघणाऱ्याला कोणी वेड्यात काढत नाही, निदान तोंडावर तरी नाही.

पहाटगार
मला सर्वांत जास्त थंडी वाजली आहे ती गटाच्या मध्यभागी. सपाट रस्त्यावर वेगात जाताना पुढच्याच्या चाकामागे राहिल्यास सुमारे पाव ते एक तृतीयांश श्रम वाचतात, हे सर्वांना ठाऊक आहे. पण वाचलेले श्रम म्हणजे न तयार झालेली उष्णता, हे डिसेंबरात समजते. पुढचा वारा झेलत तापलेला असतो आणि मागचा आरामात गारठत असतो. म्हणून आमच्या गटात हिवाळ्यात पुढे राहण्याची पाळी मुद्दाम लहान ठेवतात आणि सगळ्यांना आलटून पालटून पुढे आणतात, ज्यामुळे कोणी फार दमत नाही आणि कोणी फार कुडकुडतही नाही. शिवाय अंधारात एकटीने जाणे मला घरच्यांनी कधीच करू दिले नसते. गट आहे म्हणूनच मी पहाटेची सायकल चालवू शकले.

पंचगंगाकाठ
आमच्या कोल्हापूर-सांगली पट्ट्यात थंडीपेक्षा उसाची धास्ती अधिक असते, कारण गळीत हंगाम आणि आमचा सराव एकाच सुमारास सुरू होतो. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर चिखलाने माखलेला आणि बाहेर लोंबणारा ऊस थेट आपल्या तोंडासमोर! त्यात रस्त्यावर पडलेल्या कांड्यांवरून अरुंद टायर घसरतो. हाताच्या खुणा अंधारात दिसत नाहीत, त्यामुळे आमच्याकडे सर्व कारभार आवाजावर चालतो. पहिला ‘ट्रॉली’ असे ओरडतो आणि प्रत्येक जण तो शब्द मागे पोचवतो. जो गप्प राहतो, त्याला चहाचे पैसे द्यावे लागतात.

बोपदेवप्रेमी (पुणे)
आवाजाचा मुद्दा अगदी योग्य आहे. मागच्याच्या दिव्यामुळे पुढच्याची सावली रस्त्यावर पडते आणि नेमका खड्डा त्या सावलीत लपतो, असे मी अनेकदा पाहिले आहे. चहाच्या दंडाची पद्धत मात्र आमच्याकडे आणता येणार नाही, कारण आमचा अर्धा गट केवळ मिसळीसाठीच येतो.

मँचेस्टरवासी
इथे डिसेंबरात सूर्य आठनंतर उगवतो, त्यामुळे ‘पहाटे लवकर’ या शब्दांना फारसा अर्थ उरत नाही. आमच्या क्लबात हिवाळ्यात मडगार्ड लावणे बंधनकारक आहे आणि मागच्या मडगार्डला खाली रबराची पट्टीही हवी, कारण ती नसल्यास तुमच्या चाकाचे गढूळ पाणी मागच्याच्या तोंडावर उडते. मडगार्ड नसलेल्याला कोणी हाकलत नाही, परंतु तो सर्वांत शेवटी राहतो. तापमान शून्याच्या आसपास गेले की मात्र सराव रद्द होतो. रस्त्यावरचा बर्फाचा पातळ थर डोळ्यांना दिसतच नाही आणि एक जण पडला की त्याच्यामागचे सगळे पडतात.

निफाडकर
मँचेस्टरवासी, शून्याच्या आसपास रद्द? आमच्या द्राक्षबागायतदारांना हे सांगू नका, ते हसतील.

मँचेस्टरवासी
त्यांना दोन अरुंद टायरांवर बसवून इथल्या वळणावर पाठवा, मग आपण बोलू.

नवी सायकल
रात्री टायरमध्ये नीट शंभर पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा भरली, तरी पहाटे मोजल्यावर ती कमी दिसते. ट्यूब बदलावी का?

पंचगंगाकाठ
लगेच बदलू नका. पंचवीस अंशांच्या खोलीत भरलेली हवा बाहेरच्या दहा अंशांत आकसते आणि केवळ तेवढ्यानेच पाच-सहा पीएसआय कमी होतात. त्याहून बरेच अधिक उतरत असतील, तरच ट्यूब पाण्यात बुडवून पाहावी. निघण्यापूर्वी बाहेरच्या थंडीतच दाब मोजावा, आणि मागचा लाल दिवा लुकलुकता न ठेवता स्थिर ठेवावा. लुकलुकता दिवा तासभर डोळ्यांवर येत राहिला की मागच्याला ट्रॉलीही दिसत नाही आणि खड्डाही दिसत नाही.