हॉथॉर्न आणि त्याचे प्युरिटन पूर्वज

अमेरिकन कादंबरीकार नॅथॅनिएल हॉथॉर्नला आपल्या प्युरिटन (कडक धर्माचरणाचा आग्रह धरणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाच्या) पूर्वजांचा निव्वळ तिटकारा होता, असे एक मत मांडले जाते; ते मला अपुरे वाटते. या पूर्वजांपैकी विल्यम हॅथॉर्नने क्वेकर या दुसऱ्या ख्रिस्ती पंथाच्या लोकांचा निष्ठुरपणे छळ केला आणि त्याचा मुलगा जॉन १६९२ मध्ये अमेरिकेतील सेलम गावच्या चेटूक-खटल्यांत दंडाधिकारी होता. त्या प्रकरणात १९ जणांना फाशी झाली. ‘द स्कार्लेट लेटर’ या आपल्या कादंबरीच्या (१८५०) जकात कचेरीवरील प्रास्ताविकात हॉथॉर्न या दोघांच्या कृत्यांची लाज स्वतःच्या शिरावर घेतो आणि घराण्याला काही शाप लागला असल्यास तो सुटावा, अशी प्रार्थना करतो. मात्र त्याच ओघात, गोष्टी लिहिणारा आपला वंशज पाहून हे करारी पुरुष नाक मुरडतील, अशी कल्पना करून तो त्यांच्या स्वभावाचा पीळ आपल्यातही उतरल्याचे मान्य करतो. ही कबुली मला विलक्षण प्रामाणिक वाटते. कादंबरीतही व्यभिचारासाठी नायिका हेस्टरला भर चौकात उभे करणाऱ्या समाजाचे क्रौर्य तो उघडे पाडतो, पण पापाची कल्पना मोडीत काढत नाही. त्या पापातला तिचा छुपा साथीदार, धर्मोपदेशक डिम्सडेल, याला वर्षानुवर्षे आतून पोखरणारी सदसद्विवेकबुद्धी प्युरिटनांचीच आहे, आणि जाहीर कबुलीवाचून त्याची सुटका नाही, हे लेखकालाही मनापासून पटलेले दिसते.