किल्लीवाल्यांना परवाना सक्तीचा करावा का?

दक्षिणकसबा:
खासगी एजन्सीमार्फत फाटकावर उभ्या राहणाऱ्या रखवालदाराची पूर्वचारित्र्य पडताळणी 2005 च्या कायद्याने बंधनकारक आहे. त्याच इमारतीत वर जाऊन बंद फ्लॅटचं कुलूप उघडणाऱ्याला मात्र कुणी काही विचारत नाही. त्याची नोंद कुठेच नाही, आणि बोलावणारा खरंच त्या घरचा आहे का, हे त्यानेही विचारावं असा नियम नाही. चावी हरवली म्हणून सांगा, पैसे द्या, दार उघडतं.

न्यूयॉर्क शहरात या कामाला परवाना लागतो. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्येही लागतो. माझं म्हणणं असं: महापालिकेने ओळखपत्र द्यावं, त्याला पोलीस पडताळणी असावी आणि घरी जाऊन उघडलेल्या प्रत्येक कुलपाची वहीत नोंद सक्तीची करावी.

मंडईकाठ:
साफ असहमत. ब्रिटनमध्ये असा सरकारी परवाना नाही. तिथे कारागिरांची संघटनाच सभासदांची तपासणी करते, आणि लोकांची दारं तिथेही उघडतातच. तुम्ही अमेरिकेचं उदाहरण दिलंत. तिथे फोनवर किरकोळ रक्कम सांगायची, दारात आल्यावर चांगलं कुलूप ड्रिलने फोडायचं आणि अवाच्या सवा पैसे मागायचे, असा धंदा करणाऱ्यांपासून सावध राहा, असं फेडरल ट्रेड कमिशन या तिथल्या सरकारी संस्थेला ग्राहकांना सांगावं लागलं.

आपल्याकडेही इंटरनेटवर नंबर शोधणाऱ्याची फसवणूक होते ती अशाच लोकांकडून. त्यांना परवान्याचे कागद जमवणं सोपं आहे. मंडईबाहेर छत्रीखाली बसणाऱ्याचं काय? अतिक्रमणविरोधी पथकाची गाडी आली की त्याला आधीच पेटी उचलून पळावं लागतं. त्यात आणखी एक हप्ता कशाला?

कानसवाला:
वडील आणि मी, दोघंही हेच काम करतो. आम्ही शिकलगार, धार लावणारी, कुलूप-किल्लीचं काम करणारी जमात. दोघांनाही उत्तर देतो.

आधी परीक्षेचं, कारण परवाना म्हटला की परीक्षा येणारच. किल्लीच नसलेल्या कुलपाला किल्ली बनवताना कोरी किल्ली आत घालून जोर लावून फिरवतो. आतले लिव्हर, म्हणजे किल्लीने उचलल्या जाणाऱ्या पट्ट्या, जिथे अडतात तिथे पितळेवर केसासारखी बारीक खूण उठते. टॉर्च तिरका धरून ती बघायची, तेवढीच जागा कानशीने घासायची, परत घालायची. एक हात जास्त पडला की किल्ली फुकट. हे मी वडिलांच्या शेजारी बसून शिकलो. कागदावर तपासायला कोण बसणार?

पण ओळखपत्र मला हवंय, आणि ते माझ्यासाठी हवंय. महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम 122 बघा. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात घरफोडीची अवजारं जवळ सापडली, तर ती योग्य कारणासाठी आहेत हे ज्याच्याकडे सापडली त्यानेच सिद्ध करायचं. माझी पिशवी उघडलीत तर दुसरं काय सापडणार? आणि लोक बोलावतात तेही रात्रीच. बाई कचरा टाकायला बाहेर येतात, वाऱ्याने दार लागतं, लॅच पडतो, आत लहान मूल आणि गॅसवर दूध. अशा वेळी मी नाक्यावर अडकून पडलो तर?

मात्र दर महिन्याला पोलीस ठाण्यात सही करायला लावणार असाल तर नको. अख्ख्या जमातींना जन्मतः गुन्हेगार ठरवणाऱ्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सुरू झालेली हजेरी 1952 पर्यंत चालली. घरफोडी झाली की वस्तीत पोलिसांची गाडी येणं अजून थांबलेलं नाही. 17 सप्टेंबर 2023 ला सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेच्या 18 व्यवसायांत आमचाही व्यवसाय आहे. प्रमाणपत्र, ओळखपत्र, प्रशिक्षण, अवजारांसाठी 15,000 रुपयांपर्यंत मदत. तेच कार्ड नाक्यावरच्या पोलिसांनी मानावं.

दक्षिणकसबा:
कलम 122 चा मुद्दा मला माहीत नव्हता, तो पटला. पण विश्वकर्माचं कार्ड कारागीर म्हणून मिळतं, पूर्वचारित्र्य तपासून नाही. घरात एकट्या राहणाऱ्या माणसाला तेवढं पुरणार नाही. चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र एकदाच घ्यावं, महिन्याची हजेरी नको. नोंदवहीवर मात्र मी ठाम आहे.

मंडईकाठ:
त्या वहीचाच विचार करा की. कुणाचं घर, कुठला पत्ता, कुठलं कुलूप, कुठल्या मापाची किल्ली, सगळं एका वहीत, आणि ती वही फुटपाथवरच्या पत्र्याच्या पेटीत! चोराला आणखी काय हवं?

आणि ज्याला रस्त्यावर बसायची धड जागा नाही त्याच्याकडून प्रमाणपत्र मागू नका. 2014 च्या पथविक्रेता कायद्यात रस्त्यावर सेवा देणारेही येतात. आधी त्याखाली त्याला विक्री प्रमाणपत्र आणि हक्काची जागा द्या. रोज त्याच जागी बसणाऱ्याला परिसर ओळखतो. घर कुणाचं हे दाखवायची जबाबदारी ग्राहकाची. आधार दाखवा, शेजाऱ्याला उभं करा.

कानसवाला:
ताई, शेजारी मी आजही मागतो. गिऱ्हाईक चिडतं, "माझ्याच घरात जायला साक्षीदार?" म्हणतं. कायद्याचं बळ असेल तर मला भांडावं लागणार नाही, म्हणून नियम हवा. वहीबद्दल तुमचं बरोबर. त्याऐवजी पावतीपुस्तक चालेल: नाव, तारीख, गिऱ्हाइकाची आणि साक्षीदाराची सही. किल्लीचं माप कुठेच लिहायचं नाही.

दक्षिणकसबा:
पावतीपुस्तक मान्य. साक्षीदाराशिवाय कुलूप उघडायचं नाही, हा ठराव आमच्या सोसायटीच्या सभेत मांडतो. प्रभाग कार्यालयात मात्र पोलीस पडताळणीसह ओळखपत्राचीच मागणी करणार.

मंडईकाठ:
सोसायटीच्या ठरावाला माझा पाठिंबा. प्रभागात पडताळणीची अट घातलेला अर्ज गेला, तर आधी बसायची जागा द्या म्हणून मीही लेखी हरकत देईन.