स्ट्रेंदनच्या (बळकटी देणारं विधान शोधायच्या) प्रश्नात (ब) कसं काय? मला तर (क) पटतंय

निफाडची_वकीलीण:
क्लॅटची (लॉच्या प्रवेश परीक्षेची) तयारी चालू आहे. लॉजिकलमध्ये बाकी जमतं पण "कोणत्या विधानाने युक्तिवादाला सर्वात जास्त बळकटी मिळते" आलं की हमखास दोन ऑप्शनवर येऊन अडकते. मॉक टेस्टमधला एक मराठीत टाकतेय:

"शहरातल्या काही शाळांनी भरायची वेळ सकाळी 7 वरून 9 केली. त्या वर्षी या शाळांची हजेरी वाढली. म्हणजे शाळा उशिरा भरवली की हजेरी वाढते."
(अ) बऱ्याच पालकांना नवी वेळ आवडली.
(ब) त्याच शहरात ज्या शाळा 7 लाच भरत होत्या तिथली हजेरी होती तेवढीच राहिली.
(क) पुरेशी झोप मुलांच्या तब्येतीला चांगली असते.
(ड) त्याच वर्षी या शाळांनी मोफत बस सुरू केली.

आन्सर-की म्हणते (ब). अहो पण (ब) तर भलत्याच शाळांबद्दल बोलतोय ना? (क) निदान कारण तरी देतो, झोप झाली की मुलं आजारी कमी पडतील आणि शाळेत येतील.

कटिंग_चहा:
"आजारी कमी पडतील आणि शाळेत येतील" हे पदरचं घातलंस तू, ऑप्शनमध्ये नाहीये ते. आणि 9 ची शाळा म्हणून पोरं जास्त झोपतात हे तरी कुठं लिहिलंय, रात्री 1 पर्यंत मोबाईल घेऊन बसली तर? (क) खरं आहे पण हजेरीपर्यंत पोचतच नाही.
आधी (ड) बघ. तो म्हणतो हजेरी वाढली ती बसमुळेही असेल, म्हणजे युक्तिवाद ढिला झाला. (ब) याच्या बरोब्बर उलटं करतो. शहरात साथ कमी होती, पाऊस कमी झाला, असलं काही कारण असतं तर 7 च्या शाळांतही हजेरी वाढली असती की. ती वाढली नाही.

रँक_येणारच:
सोपी ट्रिक, ऑप्शन उलटा करून बघायचा, युक्तिवाद कोसळला तर तेच उत्तर.

जुना_क्लॅटवाला:
@रँक_येणारच ती ट्रिक असम्प्शनच्या प्रश्नाची आहे रे, म्हणजे युक्तिवादात काय गृहीत धरलंय ते विचारतात तिथली, इथं लावू नको. बळकटी देणारं विधान आवश्यक असलंच पाहिजे असं नाही, शंका थोडी कमी झाली तरी पुरे, आणि सिद्ध तर काहीच व्हायची गरज नाही.
खरं उदाहरण हवं तर 1854 चा लंडनचा कॉलरा वाच. जॉन स्नो नावाचा डॉक्टर म्हणत होता ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाचं पाणी दोषी आहे, पण तेव्हा बहुतेकांना वाटायचं की रोग घाणेरड्या हवेतून येतो. आता पंपाजवळ जास्त माणसं मेली एवढ्यावरून काही ठरत नाही, हवावालेही तेच म्हणणार. खरी बळकटी कशाने आली? पंपाजवळच्याच बिअरच्या कारखान्यातले कामगार वाचले, ते बिअर प्यायचे आणि कारखान्याची स्वतःची विहीर होती. हवा तीच, पाणी वेगळं. आणि लांब हॅम्पस्टेडला एक बाई गेली, ती मुद्दाम याच पंपाचं पाणी मागवायची. तिथं हवा वेगळी, पाणी तेच.
सगळे सांगतात ती पंपाचं हँडल काढलं आणि साथ थांबली ही गोष्ट मात्र पुरावा म्हणून लेचीपेची आहे कारण साथ त्याआधीच ओसरायला लागली होती. परीक्षक असाच ऑप्शन टाकतात, दिसायला भारी.

निफाडची_वकीलीण:
ओके, हवा-पाण्यावरून (ब) क्लिअर झाला. (क) ला शून्य म्हणणं अजून जरा जड जातंय पण "सर्वात जास्त" विचारलंय तर (ब) च. आणि "एक सोडून सगळे बळकटी देतात" टाइपमध्ये कमजोर करणाराच शोधायचा ना?

कटिंग_चहा:
नाही नाही, तिथं उत्तर नुसतं असंबद्ध असलं तरी चालतं. कमजोर करणाराच शोधत बसलीस तर टाइम जाईल, 2 तासांत 120 प्रश्न आहेत आणि चुकलं की 0.25 कट. तुझा (क) असल्या प्रश्नात टाकला तर तोच उत्तर असेल बघ.