प्रतिसाद: आयात गाडीत क्रूझ कंट्रोल
दादा, वीसेक वर्षांपूर्वी जपानहून आयात झालेल्या टोयोटाला बाहेरून क्रूझ कंट्रोल (पाय न ठेवता ठरवलेला वेग राखणारी सोय) बसवता येईल का, असं तुम्ही विचारलंत. वर एकांनी 'दोन वायरी जोडल्या की झालं' म्हटलंय. तसं नाही हो.

आधी बॉनेट उघडून थ्रॉटलला (इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेला) ॲक्सिलरेटरची केबल जाते का ते बघा. जात असेल तर ती ओढायला वेगळी मोटर किंवा इंजिनाच्या व्हॅक्यूमवर चालणारा ॲक्च्युएटर, म्हणजे ओढणारं यंत्र, लागतो. केबल नसेल, पेडललाच सेन्सर असेल, तर काम सोपं; किट पेडल आणि ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) मधे बसतं. काही टोयोटांत तर ईसीयूत सोय आधीच असते, फक्त स्टिअरिंगजवळची दांडी दिलेली नसते.

खरी मेख ब्रेकच्या स्विचची. ब्रेकवर पाय पडताच क्रूझ सुटलंच पाहिजे. मॅन्युअल गाडीत क्लचचाही स्विच हवा, नाहीतर क्लच दाबला की इंजिन रेस होऊन बोंबललंच! स्टिअरिंगला हात लावायच्या आधी बॅटरी सोडवून थोडं थांबा, आत एअरबॅग असते.

बाकी आपल्या बडोद्यात दांडिया बाजार-मांडवीच्या गर्दीत याचा उपयोग शून्य. अहमदाबाद एक्सप्रेसवेच्या ९३ किलोमीटरलाच काय ती मजा. पावसात मात्र मी तिथेही बंद ठेवतो.