मदत हवी आहे: २००२ ची माझ्दा एमएक्स-५ घ्यावी का? खालून ताजं काळं अंडरसील दिसतंय

नमस्कार मंडळी,

येत्या शनिवारपर्यंत मालकांना हो की नाही ते कळवायचं आहे. लिहिणं थोडं लांबेल, पण अर्धवट माहितीवर कुणी सल्ला देऊ शकणार नाही म्हणून सगळं लिहिते. इंग्लंडात राहणाऱ्या आणि जुन्या गाड्या हाताळलेल्या लोकांनी कृपया वेळ काढून वाचावं.

मी मूळची सांगलीची, गेली चौदा वर्षं कोव्हेंट्रीत. घरची गाडी आहे, शाळा, बाजार, नोकरी त्यावर चालतं. ही दुसरी गाडी, म्हणजे दोन सीटची, कापडी छप्पर उघडणारी एमएक्स-५, फक्त माझ्यासाठी, रविवार सकाळ आणि उन्हाळ्यातल्या संध्याकाळींसाठी. त्यासाठी दोन वर्षं वेगळे काढून ठेवलेले ३,५०० पौंड आहेत. त्यातच गाडी, विमा आणि पहिली दुरुस्ती बसवायची आहे. त्यापलीकडे एक पौंडही नाही, हे मी घरात कबूल केलंय आणि ते मोडणार नाही.

हीच गाडी का, असं कुणी विचारेल. मागच्या वर्षी कामावरच्या मैत्रिणीनं तिची चालवायला दिली होती. वीस मिनिटं चालवली असेन. इंजिन पुढच्या चाकांच्या जरा मागे सरकवलेलं, जोर मागच्या चाकांना, वजन अकराशे किलोच्या आसपास आणि तेही पुढे-मागे जवळजवळ निम्मं-निम्मं. गिअरचा दांडा एवढासा, नुसत्या मनगटानं पडतो. वळणावर स्टिअरिंग फिरवलं की गाडी कमरेतून वळल्यासारखी वाटते. जपानीत याला 'जिन्बा इत्ताई' म्हणतात, घोडा आणि स्वार एकजीव होणं. १९८९ साली पहिली एमएक्स-५ आली तेव्हापासून माझ्दानं हीच कल्पना धरून ठेवली आहे. मला ती वीस मिनिटांत पटली.

आता गाडीबद्दल. दुसऱ्या पिढीची, २००२ ची, १.८ लिटर व्हीव्हीटी (व्हॉल्व्ह उघडण्याची वेळ बदलणारं) इंजिन, सहा गिअर, गडद हिरवा रंग, ७८,००० मैल. मागणी २,८०० पौंड. वॉरिकशायरमधल्या एका खेड्यात आहे. मालक सत्तरीचे गृहस्थ, २००९ पासून गाडी त्यांच्याकडेच. गुडघ्यांमुळे आता इतकं खाली बसून उठणं जमत नाही म्हणून विकतायत. पावत्यांची फाईल जाडजूड आहे. माणूस मला सरळ वाटला.

गेल्या रविवारी दीड तास बघितली. इंजिन थंड असताना स्वतः चालू केलं, आधी तेलाची कांडी काढून बघितली, पातळी बरोबर होती. धूर नाही, खडखड नाही. सहाही गिअर नीट पडले. छपराचं कापड चांगलं आहे, मागची काच खरी काच आहे, पहिल्या पिढीसारखं प्लॅस्टिक नाही. टायमिंग बेल्ट ६०,००० मैलांना बदलल्याची पावती आहे, पण ती २०११ ची. टायरांवर नक्षी भरपूर, पण कडेला चार आकडे बघितले तर २४१३, म्हणजे २०१३ सालच्या २४ व्या आठवड्यातले. ते बदलावेच लागतील, रबर दगड झालंय.

इथपर्यंत मला काही वाटलं नाही. मग मी गवतावर आडवी झाले.

दाराखालचा जो आडवा पत्रा असतो, ज्याला इथे सिल म्हणतात, तो दोन्ही बाजूंनी काळ्या अंडरसीलनं, म्हणजे गंज अडवायला खालून मारतात त्या डांबरी लेपानं, माखलेला आहे. मागच्या चाकाच्या पुढे, जिथे सिल संपतो, तिथे अंगठा दाबला तर अंडरसील मऊ लागलं, अंगठ्याला चिकटून आलं, डांबराचा वास आला. म्हणजे फार दिवसांचं नाही. बोटाच्या पेरानं ठोकून बघितलं. उजवीकडे टणटण आवाज येतो. डावीकडे दारापासून मागे वीतभर टणटण, आणि त्याच्याही मागे एकदम डबडब, ओल्या पुठ्ठ्यावर ठोकल्यासारखा. डाव्या सीटच्या मागचा गालिचा उचलला तर खाली ओल होती. तिथेच छपराच्या पाण्याला वाट देणारं भोक आहे, त्यात कुजलेल्या पानांचा बोळा. मी बोट घालून काढला तर मागोमाग काळं पाणी वाहून आलं.

ज्यांना या गाडीची माहिती नाही त्यांच्यासाठी: छपरावरचं पाणी सीटच्या मागच्या दोन भोकांतून खाली निघून जातं. ती तुंबली की पाणी सिलच्या आत शिरतं आणि पत्रा आतून सडत जातो. बाहेरून रंग शाबूत दिसतो. शिवाय इथे हिवाळ्यात बर्फ धरू नये म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. आपल्याकडे मालवण-रत्नागिरीकडची गाडी घेताना लोक आधी खाली वाकतात ते ज्या कारणासाठी, तेच इथे सगळ्या देशाला लागू आहे.

घरी येऊन एमओटी म्हणजे वार्षिक तपासणीचा इतिहास काढला. नंबर टाकला की सरकारी संकेतस्थळावर फुकट दिसतो. २०१९ ला शेरा: डावीकडचा सिल गंजू लागलाय. २०२१ ला नापास: डाव्या सिलला गंज, सीटबेल्ट जिथे बसवलाय त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत. तीन दिवसांनी पास. २०२३ ला शेरा: खालून अंडरसील मारलेलं आहे. २०२४ आणि २०२५ ला गंजाबद्दल एक अक्षर नाही. गेल्या पाच वर्षांत मिळून गाडी फक्त २,१०० मैल चालली आहे.

मालकांना फोन करून विचारलं. ते म्हणाले, वेल्डिंग गावातल्या गॅरेजनं केलं, अंडरसील दरवर्षी मारून घेतो, गाडी टिकावी म्हणून. मला ते खोटं बोलत नाहीत असं वाटतं. पण फाईलमध्ये सगळ्या पावत्या असताना नेमकी त्या वेल्डिंगची नाही.

माझे प्रश्न:

मऊ अंडरसील आणि तो डबडब आवाज एवढ्यावरून गाडी सोडून द्यावी का? की एका बाजूचा सिल नवा बसवून घेता येईल एवढी किंमत कमी करून घ्यावी? एका वेल्डरनं फोनवर एका बाजूचे सहाशे पौंड सांगितले, पण गाडी न बघता सांगितलेत. टायर, बेल्ट आणि विमा धरला तर २,८०० ला माझं गणित बसत नाही, २,००० ला ओढून-ताणून बसतं.

आणि बघायचं राहून गेलेलं काही असेल तर तेही सांगा. लहानपणी आमच्या दारात एक जुनी गाडी होती, तिचा पायाखालचा पत्रा इतका सडला होता की पावसात वडील आमच्या पायांखाली गोणपाट अंथरायचे. गंज म्हणजे काय ते मी बघितलंय. पण या गाडीत तो आणखी कुठे लपतो ते मला माहीत नाही.

– कृष्णाकाठ

*

मँचेस्टरकर:

ताई, तुम्ही सिल छान बघितलात, पण खरी मेख पुढे आहे. दुसऱ्या पिढीच्या गाडीत पुढचे जे दोन चेसिस रेल (इंजिनाच्या दोन बाजूंना गाडीच्या लांबीत जाणारे पोकळ दांडे) आहेत ते मजबुतीसाठी आतून दुहेरी पत्र्याचे केलेत. पहिल्या पिढीत तसं नव्हतं. त्या दोन पत्र्यांच्या मध्ये चिखल-मीठ-पाणी जाऊन बसतं आणि रेल आतून पोखरला जातो. बाहेर फोड दिसेपर्यंत आत काही उरलेलं नसतं. आणि तो भाग इंजिनाखालच्या प्लॅस्टिकच्या ट्रेमागे झाकलेला. एमओटी करणाऱ्याला काहीही उघडायची परवानगी नसते, त्यामुळे २०२४-२५ चा कोरा शेरा म्हणजे 'दिसलं नाही' एवढंच समजा.

सिल वेल्डिंगचं काम कुठलाही बरा वेल्डर करतो. रेलचं तसं नाही. पुढचं सस्पेन्शन त्याच्याच आधारावर आहे. काम करायचं तर बरंच काही सोडवावं लागतं, आणि २,००० च्या गाडीवर तेवढा खर्च करण्यात अर्थ उरत नाही.

मी माझ्या वेळी मार्चमध्ये उन्हात चमकणारा रंग बघून पैसे दिले. खाली बघितलं नाही, चूक माझी. पुढच्या तपासणीला गाडीच्या किमतीएवढं वेल्डिंग निघालं.

तर रॅम्पवर चढवून, तो ट्रे काढून बघितल्याशिवाय एक पौंडही देऊ नका. मालक सरळ असतील तर नाही म्हणणार नाहीत.

सह्याद्रीवेडा:

मी पुण्यात, एमएक्स-५ आपल्याकडे विकायलाच आली नाही, त्यामुळे गाडीबद्दल अधिकारानं बोलणार नाही. पण पंचवीस वर्षं जुन्या गाड्यांचं डेंटिंग-पेंटिंग करतोय म्हणून एक सांगतो. फ्रिजवरचा साधा लोहचुंबक मऊ फडक्यात गुंडाळून न्या आणि सिलवरून, मागच्या चाकाच्या कमानीवरून हळूहळू फिरवा. जिथे पकड सुटेल तिथे पत्रा नाही, पुट्टी आहे.

आणि गाडी उभी राहण्यानं जास्त मरते. पाच वर्षांत २,१०० मैल म्हणजे ब्रेकचे कॅलिपर (ब्रेकचे पॅड दाबणारे भाग) अडकून चाक धरून राहिलेले असू शकतात. चार-पाच मैल चालवल्यावर उतरून चारही चाकांजवळ हात न्या. एक चाक जास्त तापलं असेल तर ते धरतंय.

लेस्टरची सुनीती:

दोन गोष्टी कागदाच्या. विक्रेता जर गाड्यांचा व्यापारी असता तर २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानं सदोष गाडी ३० दिवसांत परत करता आली असती. खासगी माणसाकडून घेताना तसं नाही. गाडी त्यांच्या मालकीची हवी आणि वर्णनाप्रमाणे हवी, बाकी जबाबदारी आपली. म्हणून 'सिलची दुरुस्ती झाली आहे, आता गंज नाही' असं ते म्हणत असतील तर मेसेजवर लिहून घ्या.

दुसरं, मार्च २००१ ते मार्च २०१७ दरम्यान नोंदलेल्या गाड्यांचा रोड टॅक्स कार्बन डायऑक्साइडवर ठरतो. १.८ इंजिनाला वर्षाला चारशे पौंडांच्या वर जाईल, तुमच्या हिशेबात तो दिसला नाही. आणि बर्मिंगहॅमला येणं-जाणं असेल तर नंबर टाकून क्लीन एअर झोनचं (जास्त प्रदूषण करणाऱ्या गाड्यांना जिथे पैसे भरावे लागतात तो शहराचा भाग) बघून घ्या. पेट्रोल गाडी युरो ४ या प्रदूषणाच्या मानकात बसत नसेल तर दिवसाला ८ पौंड.

*

कृष्णाकाठ:

सगळ्यांचे मनापासून आभार. रोड टॅक्स खरंच माझ्या वहीत नव्हता.

मँचेस्टरकर दादा, तुमचा प्रतिसाद वाचून लगेच मालकांना फोन केला. ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, बघू या, मलाही कळू दे. शनिवारी सकाळी साडेआठला त्यांच्याच गावच्या गॅरेजात गाडी रॅम्पवर चढवली. मेकॅनिकचे चाळीस पौंड मी देणार होते, त्यांनी निम्मे दिले.

डाव्या सिलवर लोहचुंबक लावला तर बोटभर जागा सोडून खाली घसरला. मेकॅनिकनं अंडरसील खरवडलं. खाली २०२१ चा पत्रा निघाला, चारी बाजूंनी सलग वेल्ड न करता फक्त टाके मारून बसवलेला, आणि त्याच्या कडेनं नवा गंज. तोवर माझ्या मनात गाडी अजून होती. सहाशे पौंड, सिल नवा, किंमत २,००० वर आणायची, असाच हिशेब चालला होता.

मग ट्रे काढला. डावा रेल ठीक होता. उजव्या रेलवर खालच्या बाजूला रंगाला तांदळाएवढे फोड होते. मेकॅनिकनं मालकांकडे बघितलं, त्यांनी मान हलवली, तेव्हा त्यानं स्क्रूड्रायव्हरचं टोक फोडांवर टेकवलं. जोर लावलाच नाही. टोक आत गेलं, आणि आतून तपकिरी पापुद्रे त्याच्या बाहीवर पडले, पापडाच्या चुऱ्यासारखे.

मालक बराच वेळ खाली उभे राहून त्याच भोकाकडे बघत होते. म्हणाले, मी दरवर्षी पैसे देऊन हे झाकत होतो म्हणायचं. मला त्यांच्यासाठी फार वाईट वाटलं. सोळा वर्षं गाडी गॅरेजात ठेवून, पावती अन् पावती जपून ठेवलेला माणूस. मी गाडी घेतली नाही. त्यांनी मला चहाला थांबवून घेतलं आणि निघताना एक कागद दिला. त्यांच्या ओळखीच्या एकाची २००५ ची एमएक्स-५ सॉलिहलला आहे, १.८ चीच. दोन वर्षांपूर्वी तिचे पुढचे दोन्ही रेल नवे बसवले आहेत, कामाचे फोटो आहेत म्हणे. मागणी २,९००.

म्हणजे माझ्या आकड्याच्या वरच. पण टायर आणि बेल्ट गेल्याच वर्षी झालेत, तेवढा खर्च तरी वाचेल.

रेल बदललेली गाडी फोटोंवरून तपासताना वेल्डमध्ये नेमकं काय बघायचं? सलग शिवण दिसली म्हणजे पुरे, की गंज धरू नये म्हणून आत मेण फवारलंय का तेही विचारावं? बुधवारी संध्याकाळी जाणार आहे. नंबर टाकून तपासणीचा इतिहास काढलाय, रात्री इथेच टंकते.