होम सर्व्हरसाठी 'आधी राऊटर बदला' असं सांगू नका

कोरा_चहा
काल इथे एकाने लिहिलं: "इंटरनेट कंपनीचा राऊटर काढा, सात-आठ हजारांचा चांगला घ्या, पोर्ट फॉरवर्ड करा, अर्ध्या तासात घरचे फोटो कुठूनही बघा." खाली धन्यवादांची रांग लागली. दोन वर्षांपूर्वी हाच सल्ला ऐकून मी राऊटर घेतला आणि तीन रविवार घालवले, म्हणून सविस्तर लिहितोय.

पोर्ट फॉरवर्ड म्हणजे बाहेरून येणाऱ्याला राऊटरमधलं एक दार उघडून घरच्या यंत्रापर्यंत जाऊ देणं. मी ४४३ नंबरचं, वेबसाइटचं दार उघडलं, मिनी पीसीला (तोच माझा घरचा सर्व्हर) घरातला आयपी, म्हणजे पत्ता, कायमचा बांधून दिला, फायरवॉल पुन्हा पुन्हा तपासली. घरात सगळं झकास, मोबाईल डेटावरून मात्र काही उघडेना. तिसऱ्या रविवारी राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी, म्हणजे राऊटरला बाहेरून मिळालेला पत्ता, पाहिला. १००.७२ ने सुरू होत होता. ब्राउझरमध्ये 'माझा आयपी काय' शोधून बघितलं तर भलताच. सीजीनॅट! १००.६४ ते १००.१२७ हे पत्ते २०१२ पासून याच कामाला राखून ठेवलेत. सीजीनॅट म्हणजे इंटरनेटवर दिसणारा एकेक पब्लिक पत्ता कंपनी कितीतरी घरांत वाटते. तुम्ही फ्लॅटचं दार सताड उघडं ठेवा, सोसायटीचं गेट बंद असेल तर पाहुणा येणार कसा? आणि गेटची किल्ली कंपनीकडे.

आधी वॅन आयपी बघा, मग पाकीट काढा. टेलस्केल (तुमची यंत्रं इंटरनेटवरून एकमेकांना जोडणारं ॲप) टाका, वैयक्तिक वापराला फुकट आहे, एकही पोर्ट उघडावं लागत नाही.

जुना_खेळाडू
मग घरचा सर्व्हर हवाच कशाला? जून २०२१ मध्ये गूगल फोटोजची फुकटची अमर्याद साठवण बंद झाली, सगळं १५ जीबीत मोजायला लागले, तेव्हा आपल्यातले निम्मे लोक इकडे वळले. आता दुसऱ्या कंपनीच्या खात्यात लॉगिन करून स्वतःच्या घरात शिरायचं? मला हे पटत नाही आणि पटणारही नाही.

कंपनीला फोन करून स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा पब्लिक आयपी मागा. महिन्याला थोडे पैसे पडतात, पडू देत. ओएनटी (फायबर जिथे जोडतात तो कंपनीचा डबा) ब्रिज मोडवर टाकून घ्या, म्हणजे तो जोडणी नुसती पुढे देईल, पीपीपीओईचं (कंपनीच्या जोडणीचं) युजरनेम-पासवर्ड स्वतःच्या राऊटरमध्ये भरा, डबल नॅट, म्हणजे दोन डब्यांनी दोनदा पत्ता बदलणं, संपलं. सहा वर्षं असंच चालवतोय. पोर्ट उघडं, हवं तिथून लॉगिन.

लिनक्सवाली
कुठलं पोर्ट उघडं आहे, दादा? एसएसएचचं, दुरून यंत्रात लॉगिन करायचं, २२? माझंही होतं. एका सकाळी लॉग उघडला तर रात्रीत साडेचार हजार वेळा कोणीतरी रूट आणि ॲडमिन नावाने पासवर्ड ठोकून पाहिलेले. हात थरथरले माझे. जानेवारी २०२२ मध्ये डेडबोल्ट या खंडणीच्या व्हायरसने इंटरनेटला उघडी असलेली क्यूनॅप कंपनीची फायली साठवायची यंत्रं शोधून लोकांच्या फायली कुलूपबंद केल्या, बिटकॉइन मागितले. 'सहा वर्षं काही झालं नाही' ही सुरक्षा नव्हे. आणि टेलस्केलची कंपनी फक्त दोन यंत्रांची गाठ घालून देते. किल्ल्या तुमच्याच यंत्रांवर राहतात, फोटो त्यांना दिसत नाहीत.

देवगडकर
तुमचं गेट आणि दार चालू द्या. आमच्याकडे आधी लाईट टिकायला हवी. रास्पबेरी पाय, तो तळहाताएवढा संगणक, घेतला होता, लाईट येऊन-जाऊन वर्षात तीन मेमरी कार्डं गेली. वडिलांच्या पंच्याहत्तरीचे फोटो तिसऱ्यात होते. बहिणीच्या फोनमध्ये व्हॉट्सॲपवरचे बारीक झालेले तेवढे उरले. केबलवाल्याची लॅनची, तांब्याची वायर दोन माडांना बांधून घरात आलेली. ऑक्टोबरात जवळच वीज पडली आणि राऊटरचं वॅन पोर्ट काळं पडलं. राऊटर कुठला घ्यावा हे आम्हाला कोण सांगणार?

लिनक्सवाली
आधी फायबर घ्या, काचेतून वीज येत नाही. आणि मेमरी कार्डावर फोटो ठेवूच नका. जुना लॅपटॉप लावा, बॅटरी आतच असते.

कोरा_चहा
लॅपटॉप चोवीस तास चार्जिंगला ठेवलात तर बॅटरी फुगू शकते. माझं टचपॅड वर उचललं गेलं होतं, झाकण बसेना. चार्जिंगची मर्यादा ८० टक्क्यांवर ठेवा. डेस्कटॉप मात्र नको. ७० वॉटचा डबा महिनाभर चालू म्हणजे ५० युनिटं. वापर शंभर युनिटांच्या आत असेल तर पुढच्या टप्प्यात जाऊ शकतो, तिथे दर चढा.

जुना_खेळाडू
धागा राऊटरचा आहे! इन्व्हर्टर, बॅटरी, वीजबिल यांचा वेगळा काढा.

देवगडकर
राऊटर विजेवरच चालतो ना, साहेब? तुमच्या गावात लाईट जात नसेल म्हणून आमचा प्रश्न अवांतर ठरत नाही. तीन कार्डं गेली माझी, फोटो गेले. इन्व्हर्टर असूनही राऊटर दर वेळी बंद पडून चालू होतो, पाच मिनिटं सगळं ठप्प.

जुना_खेळाडू
बरं. इन्व्हर्टरच्या मागे यूपीएस मोडचा खटका असतो, तो बघा. साध्या मोडमध्ये लाईट गेल्यावर बॅटरीवर यायला वेळ लागतो, तेवढ्यात राऊटर मरतो. नाहीतर १२ व्होल्टचा छोटा यूपीएस घ्या, पण ॲडॅप्टरवर अँपिअर किती लिहिलेत ते वाचून.

आणि लिनक्सवाली ताई, काल रात्री लॉग उघडला. आकडा सांगत नाही. २२ बंद केलं. वायरगार्ड या व्हीपीएनचं एकच यूडीपी पोर्ट ठेवलंय, किल्ली नसलेल्याला ते उत्तरच देत नाही. स्टॅटिक आयपी सोडणार नाही, तो आग्रह धरू नका.

कोरा_चहा
मग आपलं भांडण निम्मं मिटलं. एक मीही मान्य करतो. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचे पत्ते, इतके की वाटून घ्यावे लागत नाहीत) घरी आणि मोबाईलवर दोन्हीकडे असेल तर सीजीनॅट आडवं येत नाही. पण माझ्या कंपनीच्या डब्यात बाहेरून येणारं व्ही६ उघडायची सोयच नव्हती, त्यासाठी तो महागडा राऊटर कामी आला. तरी तो आधी घ्यायचा नव्हता, हे कायम.

नवा_भिडू
माझ्या लॅपटॉपवर १००.१०१ दिसतंय. म्हणजे मीही सीजीनॅटमागे?

लिनक्सवाली
टेलस्केल चालू आहे ना? तेही त्याच टप्प्यातले पत्ते वाटतं. लॅपटॉपवर नाही, राऊटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी बघा.

देवगडकर
तुमचं ऐकून फायबर घेतलं, यूपीएस मोडही केला. संध्याकाळी लाईट गेली, राऊटर हलला नाही, तरी नेट बंद. टॉर्च घेऊन वायर शोधत गेलो तर ओएनटी ओटीवरच्या बोर्डला लावलेला. तो बोर्ड इन्व्हर्टरवर नाहीच. उद्या वायरमनला बोलावलंय.